बारा गीतांचे वतन

1991 सालच्या नोव्हेंबर महिन्यात मेक्सिकोत ‘रोमान्से’ या नावाची एक स्पॅनिश ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तिच्यावर नाव होते लुइस मिगेल या 21 वर्षांच्या गायकाचे. आणि ज्या असंख्य तरुण श्रोत्यांनी ती त्या हिवाळ्यात मोठ्या हौसेने घरी नेली, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या लेखी तीतील बाराही गाणी त्याचीच होती. वस्तुतः त्यांपैकी एकही त्याने रचलेले नव्हते. काही तर त्याच्या जन्माआधी पाव शतक लोकांच्या ओठांवर होती, आणि ज्या घरांत ती मुद्रिका वाजू लागली त्या घरांतील आजीआजोबांनी, नातवंडांना चकित करीत, पहिल्या काही स्वरांतच ती ओळखली असतील. वेष्टनावर प्रत्येक गाण्याच्या शेजारी बारीक अक्षरांत रचनाकाराचे नाव छापलेले असते. सामान्य श्रोता ती नावे वाचीत नाही. परंतु या मुद्रिकेची ती फेरिस्त जो कोणी सावकाश वाचील, त्याच्या हाती शंभर वर्षांच्या एका वतनाचा कागद लागेल.

त्या फेरिस्तीत 11 संगीतरचनाकार आहेत: 8 मेक्सिकोचे, 2 क्यूबाचे आणि 1 अर्जेंटिनाचा. त्यांत दोन स्त्रिया आहेत. एकाच गाण्याचे शब्द निराळ्या कवीचे आहेत, आणि आर्मांदो मान्सानेरो या एकाच रचनाकाराची दोन गाणी आहेत. गायक स्वतः प्वेर्तो रिकोत जन्मलेला, स्पॅनिश पिता आणि इटालियन माता यांचा पुत्र, मेक्सिकोत वाढलेला. इतक्या निरनिराळ्या मुलखांतील माणसे एका मुद्रिकेत एकत्र आली, ती एका गीतप्रकाराच्या नात्याने. त्या गीतप्रकाराचे नाव बोलेरो.

बोलेरो हे नाव स्पेनमधील तीन मात्रांच्या एका जुन्या नृत्याचे. परंतु ज्या गीताविषयी आपण बोलत आहो, त्याचा त्या नृत्याशी नावापलीकडे फारसा संबंध नाही. हे गीत जन्मले क्यूबा बेटाच्या पूर्व टोकाला, सांतियागो या नगरीत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तेथे पेपे सांचेस नावाचा एक शिंपी होता. संगीताचे विधिवत् शिक्षण त्याला मिळाले नव्हते; परंतु दिवसभर कापड बेतणारा हा कारागीर सायंकाळी गिटार हाती घेऊन बसे, आणि त्याच्या भोवती जमणारी तरुण मंडळी त्याला गुरुस्थानी मानीत. 1880 च्या दशकात त्याने रचलेले ‘त्रिस्तेसास’ म्हणजे ‘दुःखे’ हे गीत पहिला बोलेरो मानण्याची परंपरा आहे. स्पॅनिश नृत्यातील तीन मात्रांच्या जागी येथे दोन मात्रांची संथ लय आली. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशजांनी जपलेला पाच आघातांचा ठेका त्या लयीत मिसळला. आणि दोन गिटारी व दोन कंठ, एक वरच्या पट्टीत व एक खालच्या पट्टीत, एवढ्या साहित्यावर एक नवे भावगीत उभे राहिले. विषय बहुधा एकच: प्रीती, आणि प्रीतीपेक्षाही तिचा वियोग.

या गीताला समुद्र ओलांडावयास फार काळ लागला नाही. क्यूबाच्या पश्चिमेस, चिंचोळ्या सामुद्रधुनीपलीकडे, मेक्सिकोचे युकातान द्वीपकल्प आहे. तेथील प्रमुख नगरी मेरिदा ही त्या काळी केतकीसारख्या एका काटेरी झाडापासून निघणाऱ्या वाखाच्या व्यापारावर गबर झालेली होती, आणि डोंगर व जंगल ओलांडून मेक्सिको शहर गाठण्यापेक्षा तेथून जहाजाने हवाना गाठणे अधिक सोयीचे होते. मालाबरोबर नाटकमंडळ्या आल्या, नाटकमंडळ्यांबरोबर गाणी आली, आणि रात्रीच्या वेळी प्रेयसीच्या खिडकीखाली उभे राहून गाण्याचा जो प्रघात मेरिदाच्या तरुणांत होताच, त्याने बोलेरोला आपल्या घरात घेतले. तेथील कवींनी त्याला संयत, सुसंस्कृत शब्द दिले. गूती कार्देनास हा त्या परंपरेचा तेजस्वी प्रतिनिधी 1920 च्या दशकाच्या अखेरीस मेक्सिको शहरात गेला, कीर्ती पावला, आणि 1932 साली, वयाची सत्ताविशी गाठण्यापूर्वीच, तेथील एका मद्यगृहात गोळी लागून मरण पावला. युकातानचा हा धागा ध्यानात ठेवावा. साठ वर्षांनंतरच्या त्या मुद्रिकेत तो पुन्हा हाती येणार आहे.

18 सप्टेंबर 1930 रोजी मेक्सिको शहरात एमिलिओ आस्कार्रागा यांनी ‘एक्स-ई-डब्ल्यू’ हे नभोवाणी केंद्र सुरू केले, आणि खिडकीखालचे गीत एकदम खंडभर ऐकू जाऊ लागले. कॅफे आणि रंगेल वस्तीतील दिवाणखाने येथे पियानो वाजवून उपजीविका करणारा आगुस्तीन लारा या केंद्रामुळे घराघरांत पोहोचला. त्याने बोलेरोला शहरी रात्रीचा रंग दिला आणि गिटारीच्या जागी पियानो आणून बसविला. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या मारिया ग्रेवेर या मेक्सिकन विदुषीने 1934 साली ‘क्वांदो ब्वेल्बा आ तू लादो’, म्हणजे ‘तुझ्याजवळ परत येईन तेव्हा’, हे गीत रचले. पुढे त्याला इंग्रजी शब्द मिळाले आणि 1959 साली डायना वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय गायिकेच्या कंठातून ते अमेरिकाभर दुमदुमले. इतके की मूळ गीत एका मेक्सिकन स्त्रीचे आहे याची जाणीव बहुतेक इंग्रजी श्रोत्यांना राहिली नाही. ‘रोमान्से’तील बारा गीतांत सर्वांत वडील ते हेच, आणि त्या मुद्रिकेत ते आपल्या मूळ भाषेत आणि आपल्या मूळ नावाने नांदत आहे.

1944 साली न्यूयॉर्कमध्येच दोन मेक्सिकन आणि एक प्वेर्तो रिकन अशा तिघांनी ‘त्रिओ लोस पांचोस’ ही मंडळी स्थापन केली. त्यांपैकी आल्फ्रेदो हिल याने रेकिंतो नावाची आकाराने लहान आणि स्वराने उंच गिटार प्रचारात आणली. गीताच्या आरंभी तिच्यावर वाजणारी झरझर उतरती सुरावट ही पुढे बोलेरोची ओळखच होऊन बसली. तीन गिटारी आणि तीन कंठ यांचा तो साचा गावोगाव उचलला गेला. अशाच एका त्रयीतील तरुण गायक रोबेर्तो कान्तोराल याने 1957 च्या सुमारास ‘ला बार्का’, म्हणजे ‘नौका’, हे गीत रचले. हा गृहस्थ पुढे मेक्सिकोतील गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा दीर्घकाळ प्रमुख होता, आणि रचनाकाराचा हक्क सरकारदरबारी व व्यापाऱ्यांच्या पेढीवर मान्य व्हावा म्हणून झगडला.

हवानात मात्र 1940 च्या दशकात एक निराळीच चळवळ चालू होती. आमेलची गल्ली म्हणून प्रसिद्ध असलेल्या अरुंद बोळातील एका घरी काही तरुण जमत आणि अमेरिकेतील जॅझ संगीतातले अनोळखी स्वरसंघ आपल्या गिटारीवर शोधीत. ‘भावना’ या अर्थाचा इंग्रजी शब्द स्पॅनिश उच्चाराने घेऊन त्यांनी आपल्या पद्धतीला ‘फीलिन’ असे नाव दिले. त्यांच्यातील सेसार पोर्तियो दे ला लूस हा घरांना रंग देण्याचे काम करी. 1946 साली त्याने ‘कोन्तीगो एन ला दिस्तान्सिया’ रचले. दूर असूनही तुझ्याजवळच आहे, असा त्या नावाचा आशय आहे. आणि त्या गीताची चाल इतक्या अनपेक्षित वळणांनी जाते की ते प्रथम ऐकणाऱ्यास पुढचा स्वर कोठे पडेल याचा अदमास लागत नाही, आणि पडल्यावर मात्र तो तेथेच पडावयास हवा होता असे वाटते. त्याच्या दोन वर्षे आधी हुलिओ गुतिएर्रेस या क्यूबन पियानोवादकाने ‘इनोल्विदाब्ले’, म्हणजे ‘अविस्मरणीय’, हे गीत लिहिले होते. मेक्सिकोत विसेन्ते गार्रिदो याने याच नव्या स्वरसंघांच्या आधारे ‘नो मे प्लातिकेस मास’ रचले. या शीर्षकातील ‘प्लातिकार’ हे क्रियापद खास मेक्सिकोच्या बोलण्यातले आहे. स्पेनमधला माणूस त्या जागी बहुधा दुसरा शब्द घालील. पूर्वी जे झाले ते आता मला सांगत बसू नकोस, एवढीच त्या गीतातील विनवणी, पण ती घरगुती शब्दात केलेली असल्यामुळे अंतःकरणास भिडते.

उरलेल्या रचनाकारांकडेही असेच पाहावे. ‘ला मेन्तीरा’, म्हणजे ‘असत्य’, हे गीत लिहिणारा आल्वारो कार्रियो ओआहाका प्रांताच्या किनाऱ्यावरील, आफ्रिकन रक्ताचा वारसा सांगणाऱ्या लोकांतला. चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकून तो शेतकी तज्ज्ञ झाला होता, आणि 1969 साली मोटार-अपघातात पत्नीसह त्याचा अंत झाला. ‘मूचो कोरासोन’ हे एमा एलेना वाल्देलामार या मेक्सिको शहरातील स्त्रीने लिहिले. प्रेमाच्या गीतांत स्त्री ही बहुधा आर्जव ऐकणारी असते. येथे तीच बोलते आहे, आणि आपल्या प्रेमाचा जबाब देण्यास ती कोणाला बांधलेली नाही. ‘ला प्वेर्ता’, म्हणजे ‘दार’, याचा कर्ता लुइस देमेत्रिओ मेरिदाचा. आणि ‘उस्तेद’ याचे संगीत वैद्यकाचे शिक्षण सोडून पियानोकडे वळलेल्या गाब्रिएल रुइस याचे, तर शब्द होसे आन्तोनिओ सोर्रिया याचे.

या ‘उस्तेद’पाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबावे, कारण त्याची गोडी इंग्रजीत उतरत नाही, ती आपल्या भाषेत मात्र तत्काळ कळते. ‘उस्तेद’ म्हणजे ‘आपण’. प्रेयसीला ‘तू’ म्हणण्याचा अधिकार अद्याप ज्याला मिळालेला नाही, किंवा मिळालेला असूनही जो तो वापरू धजत नाही, अशा पुरुषाने आपल्या सर्व यातनांचा ठपका अत्यंत अदबीने ‘आपणा’वर ठेवावा, यात केवढे नाट्य आहे! त्याच मुद्रिकेत मान्सानेरो यांचे ‘नो से तू’ आहे, आणि तेथे ‘तू’ आहे: ‘तुझे मला ठाऊक नाही’ असे म्हणून आरंभणारे, सलगीचे, एकमेकांच्या निकट असलेल्या माणसांचे बोलणे. ‘आपण’पासून ‘तू’पर्यंतचे हे अंतर म्हणजे बोलेरोच्या नायकाचा सारा प्रवास होय.

एक गोष्ट येथे सहज लक्षात येते. शिंपी, रंगारी, शेतकी तज्ज्ञ, वैद्यकाचा विद्यार्थी: या परंपरेच्या मोठ्या घरांपैकी कित्येक घरे अशा माणसांनी बांधली की ज्यांच्या हाती दुसरा काही व्यवसाय होता किंवा येणार होता. राजाश्रय त्यांना नव्हता. वतन टिकते ते वहिवाटीने, आणि बोलेरोची वहिवाट सामान्य माणसांनी रोजच्या वापराने चालू ठेवली.

परंतु वहिवाट खंडितही होते. 1960 च्या दशकात रॉक संगीताची लाट आली. पाठोपाठ विजेच्या वाद्यांवर उभे राहिलेले आधुनिक प्रणयगीत आले, आणि बोलेरो हा वडीलधाऱ्यांचा, मद्यगृहातील उत्तररात्रीचा आणि जुन्या चित्रपटांचा विषय झाला. या संक्रमणाचा साक्षीदार त्या फेरिस्तीतच बसलेला आहे. अर्जेंटिनाचा चिको नोवार्रो हा 1960 च्या दशकाच्या आरंभी तेथील दूरचित्रवाणीवरील तरुणांच्या कार्यक्रमात हलकीफुलकी नाचाची गाणी गाऊन प्रसिद्धीस आला. आणि वय वाढल्यावर त्याच गृहस्थाने ‘कोमो’सारखा गंभीर बोलेरो लिहिला. परंपरेकडे पाठ फिरवून निघालेला माणूस अर्ध्या वाटेवर आपखुशीने तिच्याकडे परतला, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

लुइस मिगेल याचे बालपण त्या नव्या संगीतात गेले होते. 1982 साली, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आत, त्याची पहिली मुद्रिका निघाली. 1985 साली इटलीतील सान रेमोच्या संगीतोत्सवात त्याने दुसरे स्थान मिळविले. पुढे स्पॅनिश संगीतकार हुआन कार्लोस काल्देरोन यांच्या मार्गदर्शनाखाली त्याच्या ज्या मुद्रिका निघाल्या, त्यांनी त्याला खंडातील तरुणांचे दैवत केले. 1991 साली कंपनीशी झालेल्या कराराची मुदत जवळ येत होती, नव्या गाण्यांची जुळवाजुळव मनासारखी होत नव्हती, आणि तेव्हा जुने बोलेरो गाण्याचा विचार पुढे आला. व्यापाराच्या दृष्टीने तो साहसाचाच होता. ज्याचे श्रोते पंधरा-सोळा वर्षांचे, त्याने त्यांच्या आजोबांची गाणी गावीत, हे कोणत्या हिशेबात बसणार? परंतु विचार पक्का झाला, आणि मार्गदर्शक म्हणून आर्मांदो मान्सानेरो यांना पाचारण करण्यात आले.

ही निवड म्हणजेच त्या मुद्रिकेचे खरे मर्म होय, असे माझे मत आहे. मान्सानेरो हे 1935 साली युकातानात जन्मलेले, आपल्या माया वंशाचा अभिमान बाळगणारे. त्यांचे वडील सांतियागो मान्सानेरो हे खिडकीखाली गाणाऱ्या त्या जुन्या परंपरेतलेच गायक होते. 1950 च्या दशकात आर्मांदो राजधानीत आले, मोठमोठ्या गायकांना पियानोची साथ करू लागले, आणि साथीला बसल्या बसल्या दुसऱ्याच्या कंठातून गीत कसे घडते ते शिकले. 1960 च्या दशकात, बोलेरो मावळतो आहे असे सर्व म्हणत असता, त्यांनी तो नव्या शब्दांत लिहिला. ‘ते एस्त्रान्यो’, म्हणजे ‘तुझी उणीव भासते’, हे त्याच काळातले. अर्थात 1991 साली त्या तरुण गायकाशेजारी जे 55 वर्षांचे ठेंगणे गृहस्थ बसले, त्यांच्या एका बाजूस मेरिदाची खिडकी होती आणि दुसऱ्या बाजूस त्या दिवसाचा बाजार; दोन्हींची भाषा त्यांना अवगत होती. कोणते गाणे घ्यावे, कोणता शब्द सावकाश टाकावा, कोठे आवाज चढवू नये, हे सांगणारा मनुष्य हयात असणे, आणि तरुणाला त्याच्याकडे जाण्याची बुद्धी होणे, हे दोन्ही योग एकत्र आले, म्हणून ते वतन दप्तरात न पडता हस्तांतरित झाले.

तिसरा सहकारी बेबू सिल्वेत्ती. हा अर्जेंटिनाचा पियानोवादक 1970 च्या दशकात नृत्यगृहांसाठी रचलेल्या वाद्यसंगीताने प्रसिद्ध झाला होता. त्याने बाराही गीतांचे वाद्यनियोजन केले, आणि हॉलिवुडमधील ओशन वे ध्वनिमुद्रणालयात 1991 च्या ऑगस्टपासून काम चालले. रेकिंतोच्या झरझर सुरावटीच्या जागी तंतुवाद्यांचा विस्तीर्ण, संथ प्रवाह आला, आणि त्यावर तरंगणारा तो तरुण, कसदार, पल्लेदार आवाज. यात काही हरवले हे नाकारता येत नाही. हवानाच्या गल्लीतला, मेरिदाच्या खिडकीचा आणि तीन गिटारींच्या त्रयीचा असे जे निरनिराळे प्रादेशिक रंग या गीतांना मूळचे होते, ते त्या रेशमी प्रवाहाखाली बरेचसे एकरूप झाले. क्यूबाचा पाच आघातांचा ठेका तर शोधूनच काढावा लागतो. ज्याने ‘ला बार्का’ तीन गिटारींवर ऐकले आहे, त्याला ही हानी जाणवल्याखेरीज राहणार नाही. तथापि त्या एकरूपतेमुळेच 1934 चे गीत आणि मान्सानेरो यांचे अलीकडचे गीत शेजारी बसू शकली, आणि तरुण श्रोत्याला कोठेही आपण जुन्या वस्तूंच्या संग्रहात फिरत आहो असे वाटले नाही.

परिणाम सर्वांच्या अपेक्षेपलीकडचा झाला. ‘इनोल्विदाब्ले’ आणि ‘नो से तू’ ही दोन्ही गीते अमेरिकेतील स्पॅनिश गाण्यांच्या ‘बिलबोर्ड’ यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. मुद्रिकेच्या जगभर 70 लाखांहून अधिक प्रती खपल्याचे सांगितले जाते. तिच्या मागोमाग 1994 साली ‘सेगुंदो रोमान्से’ आली. तीत काल्देरोन आणि मान्सानेरो एकत्र आले, आगुस्तीन लाराचेही एक गीत गायले गेले, आणि तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. 1997 आणि 2001 साली आणखी दोन मुद्रिका निघाल्या. परंतु मला या सर्व जमाखर्चाहून महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट: त्या पहिल्या मुद्रिकेच्या 11 रचनाकारांपैकी निदान 8 त्या वेळी हयात होते. पोर्तियो हवानात होता, गार्रिदो, रुइस आणि वाल्देलामार मेक्सिकोत. ज्या गाण्यांना जगाने मागच्या पिढीत जमा केले होते, ती आपल्या हयातीत सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या तोंडून ऐकण्याचे भाग्य त्यांना लाभले. रचनाकाराला याहून मोठे इनाम कोणते?

डिसेंबर 2020 मध्ये मेरिदा नगरीत मान्सानेरो यांच्या नावाचे संग्रहालय उघडले, आणि त्याच महिन्याच्या 28 तारखेस, महामारीच्या त्या दारुण काळात, त्यांचे निधन झाले. 2023 साली युनेस्कोने क्यूबा आणि मेक्सिको या दोन्ही देशांच्या संयुक्त विनंतीवरून बोलेरोची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. संग्रहालय उचित आहे, नोंदही उचित आहे. सांतियागोच्या त्या शिंप्याला आपले गाणे जगाच्या दप्तरात चढेल असे स्वप्नातही आले नसेल. परंतु दप्तरातील नोंद वतनाची साक्ष देते, त्याची वहिवाट करू शकत नाही. वहिवाट करावी लागते ती ध्वनिमुद्रणालयातील त्या दोन खुर्च्यांवर बसून, ज्यांपैकी एकीवर ज्याला सर्व ठाऊक आहे तो वृद्ध असतो, आणि दुसरीवर, जग पायाशी आलेले असूनही विचारावयास आलेला, एक तरुण.